पाहुण्यांची मोजदाद

रणजी करंडकाच्या स्पर्धेत दुसऱ्या राज्यातून येऊन खेळणाऱ्या खेळाडूला आपली वृत्तपत्रे ‘पाहुणा खेळाडू’ म्हणतात. क्रिकेट मंडळाच्या कागदोपत्री तो ‘व्यावसायिक’ असतो. आणि नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर ज्या कोपऱ्यात आम्ही वर्षानुवर्षे बसत आलो, तेथे त्याच्यासाठी ‘भाडोत्री’ असा तिसरा शब्द रूढ होता. भाषेच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे असे हे त्रिकूट आहे. पाहुणा म्हटले की त्याला मानाने ताट वाढायचे आणि जाण्याची वेळ त्याने स्वतः ओळखायची. व्यावसायिक म्हटले की हिशेबाची वही उघडते, आणि जणू घरचा खेळाडू हौशीच असतो असाही अर्थ त्यातून निघतो, जो मुळीच खरा नाही. भाडोत्री म्हटले की सैन्य आठवते, आणि भाडोत्री सैन्याच्या निष्ठेविषयी इतिहासाचे मत सर्वांना ठाऊक आहे. माणूस एकच, तो उभा राहतो त्याच खेळपट्टीवर. त्याला कोणत्या नावाने हाक मारायची हे मात्र हाक मारणाऱ्याच्या मनःस्थितीवर ठरते. १ जानेवारी २०१८ नंतर आमच्या कोपऱ्यातून तिसरा शब्द जवळजवळ नाहीसा झाला. तो का नाहीसा झाला आणि तसा तो व्हायला हवा होता काय, हा आमच्यातील जुना वाद आहे.

आम्ही म्हणजे चार-पाच जण. दोघे मराठी शिकवतात, एक वकील आहे, एक वीज मंडळातून निवृत्त झालेला. युरोपातील फुटबॉलचे पाठीराखे उन्हाळाभर ज्या विषयावर जगतात, म्हणजे कोण आला, कोण गेला, केवढ्याला गेला आणि अकादमीतल्या पोरांना संधी केव्हा मिळणार, तोच विषय आम्ही विदर्भाच्या संघाविषयी चघळतो. फरक इतकाच की त्यांच्या बाजूला लाखो माणसे असतात आणि आमच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या असतात.

वादाची पार्श्वभूमी सांगायला हवी. महाराष्ट्र राज्याचे रणजी स्पर्धेत तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. १९५३ चा नागपूर करार झाला, राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले, वेगळ्या राज्याच्या मागणीने किती सभा गाजवल्या. पण वेगळा विदर्भ प्रत्यक्षात नांदला तो केवळ धावफलकावर. १९५७-५८ पासून हा संघ रणजीत खेळतो आहे आणि पुढची साठ वर्षे तो अंतिम सामन्यापर्यंत एकदाही पोहोचला नाही. आमची पिढी या पराभवांवरच वाढली. १९६९ मध्ये नागपुरात पहिली कसोटी झाली, मोठमोठे खेळाडू येऊन गेले, मात्र विदर्भाकडून खेळणारा खेळाडू भारताच्या कसोटी संघात दिसण्यासाठी नोव्हेंबर २०११ उजाडावे लागले. तो वलनीच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव. तोवर ज्याला पुढे जायचे त्याने येथून उठून जायचे, हाच रिवाज होता. अमरावतीत जन्मलेले हेमंत कानिटकर महाराष्ट्राकडून खेळून कसोटीपटू झाले.

या रिवाजाचा मूळपुरुषही नागपूरचाच. सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये नागपुरात झाला. १९२३ मध्ये होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले, होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार झाले आणि होळकर संघाला त्यांनी रणजी करंडक जिंकून दिला तो नागपूरच्या नव्हे, इंदूरच्या नावाने. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. हेही नागपूरचेच, ते आधी बडोद्याकडून आणि मग होळकरांकडून खेळले. १९४४-४५ च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात या सी. एस. यांनी ९१७ चेंडू टाकले आणि ४२८ धावा दिल्या. त्याच सामन्यात होळकरांकडून नाबाद २४९ धावा करणारा फलंदाज कोण होता? डेनिस कॉम्प्टन. महायुद्धामुळे सैनिक म्हणून भारतात आलेला हा इंग्रज आर्सेनल या फुटबॉल क्लबाचाही खेळाडू होता. तेव्हा फुटबॉलची खरेदी-विक्री आणि आमची रणजी यांच्यात काही नातेच नाही असे म्हणणाऱ्यांनी इंदूरचा तो धावफलक आठवावा. संस्थानिकांच्या काळी पाहुणा खेळाडू ही लाजेची बाब नव्हती. दरबारी गवयाला जसे पदरी ठेवत, तसे फलंदाजाला ठेवत. ग्वाल्हेरचा गायक कोल्हापूरच्या दरबारी गायला म्हणून कोल्हापूरकरांनी त्याला भाडोत्री म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. असो.

आजचा नियम साधा आहे. प्रत्येक संघाला बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात. येणाऱ्याने आपल्या जुन्या संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणायचे. फुटबॉलप्रमाणे एका संघाने दुसऱ्याला किंमत मोजायची पद्धत येथे नाही. म्हणजे येणाऱ्यांची मोजदाद आहे: तीन. जाणाऱ्यांची नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

२०१४-१५ मध्ये कर्नाटकाचा गणेश सतीश आला, तामिळनाडूचा बद्रीनाथ आला. पुढच्या वर्षी मुंबईचा वसीम जाफर. आमच्यातील वीज मंडळवाल्या मित्राचा तेव्हाचा युक्तिवाद असा होता: अकरा जागा आहेत, त्यांतल्या तीन बाहेरच्यांना दिल्या, तर येथील तीन मुलांनी काय करायचे? त्याचा स्वतःचा मुलगा मधल्या फळीत खेळत असे. वयोगटाच्या क्रिकेटपलीकडे तो गेला नाही. आज तो पुण्यात नोकरी करतो. याबद्दल मित्र कोणालाही दोष देत नाही. मुलाचा बचाव पुरेसा भक्कम नव्हता, हे तोच सर्वांआधी सांगतो. पण तीन जागांचे गणित त्याच्या दृष्टीने निव्वळ गणित नाही, हे आम्हा सर्वांना माहीत आहे आणि म्हणून त्याच्याशी वाद घालताना आम्ही आवाज चढवत नाही.

त्याच्या गणिताला २०१७-१८ च्या हंगामाने उत्तर दिले, पण ते अर्धेच. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, जाफर मुंबईचा. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात समोर कर्नाटक, म्हणजे गणेश सतीशचे माहेर. विदर्भाने तो सामना पाच धावांनी जिंकला. पण त्या सामन्यात बारा बळी कोणी घेतले? रजनीश गुरबानीने, स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या आमच्या पोराने. मग इंदूरला, होळकरांच्याच नावाच्या मैदानावर, दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने हॅटट्रिक घेतली; रणजीच्या अंतिम सामन्यातील ती केवळ दुसरी. शतक काढले ते अक्षय वाडकरने, आणि रणजीतील ते त्याचे पहिलेच शतक. कर्णधार होता फैज फजल, २००३ मध्ये पहिल्याच सामन्यात सिव्हिल लाइन्सवर दीडशतक काढणारा, मध्ये काही काळ रेल्वेकडून खेळून परत आलेला. नायडू जेथे गेले त्या गावातून करंडक नागपूरला आला, यातील न्याय आम्हांला त्या दिवशी फार गोड वाटला. पंच्याण्णव वर्षे उशिरा मिळालेला का होईना.

जाफरविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. मार्च २०१८ मध्ये जामठ्याला शेष भारताविरुद्ध त्याने २८६ धावा केल्या. पुढच्या रणजी हंगामात, वयाची चाळिशी पूर्ण झाल्यावर, १०३७. त्या खेळ्यांत घाई नव्हती, फटक्यांत आवाज नव्हता. ज्याने आयुष्यभर चांगले हस्तलिखित पाहिलेले नाही त्याला सुंदर अक्षर म्हणजे काय हे शब्दांत सांगता येत नाही, ते दाखवावे लागते. जाफरने विदर्भाच्या मुलांना ते दाखवले. वाडकर, राठोड, तायडे यांच्यापैकी कोणी काय उचलले हे मोजण्याचे साधन आमच्याकडे नाही. पण जाफर बाद झाल्यावर पूर्वी आमच्या संघाचा डाव कोसळत असे, तो कोसळायचा थांबला, हे आम्ही पाहिले. मित्राच्या गणितात जाफरने एक जागा अडवली. आमच्या मते पाहुण्याचे मोल तो असताना ठरत नाही. तो गेल्यानंतरच्या तीन-चार हंगामांत ठरते. शिक्षकी पेशातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

करुण नायरची गोष्ट मात्र निराळी. जाफर आला तेव्हा विदर्भाला त्याची गरज होती. नायर २०२३ मध्ये आला तेव्हा त्यालाच विदर्भाची गरज होती. २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केलेला हा फलंदाज नंतर कर्नाटकाच्या संघातूनही बाहेर पडला होता आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याने क्रिकेटकडेच आणखी एका संधीची जाहीर याचना केली होती. येथे आमच्या मित्राचा आक्षेप अधिक धारदार झाला: दुसऱ्याच्या घरातील रुसलेला मुलगा आपण का सांभाळायचा? त्याचा सूर लागला की तो परत जाणारच. आक्षेप बिनतोड होता, आणि पुढे शब्दशः खराही ठरला. २०२४-२५ मध्ये विजय हजारे स्पर्धेत नायरने पाच शतकांसह ७७९ धावा केल्या (अंतिम सामन्यात विदर्भाला हरवले ते कर्नाटकानेच, हा दैवाचा खट्याळपणा), रणजीत विजेतेपद मिळवून दिले, जून २०२५ मध्ये तो पुन्हा कसोटी खेळला आणि त्यापुढच्या देशांतर्गत हंगामासाठी कर्नाटकाकडे परतला. दोन वर्षांचा मुक्काम.

तरीही त्या दोन वर्षांतील एक दिवस आम्ही कोणत्याही हिशेबात वजा करू देणार नाही. २६ फेब्रुवारी २०२५, जामठा, केरळविरुद्धचा अंतिम सामना. पार्थ रेखडेला सलामीला पाठवण्याची विचित्र कल्पना कोणाची होती कोण जाणे. ज्या मुलाने आठवड्यापूर्वी उपांत्य सामन्यात एकाच षटकात मुंबईचे रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे असे तिघे गारद केले होते, तो शून्यावर परतला. मग नळकांडे गेला, शोरी गेला. तीन बाद २४. त्यानंतर पहिलाच रणजी हंगाम खेळणारा नागपूरचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि तेहतीस वर्षांचा करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. दुर्बिणीतून आम्ही पाहत होतो ते षटकांच्या मधले बोलणे. नायर खेळपट्टीच्या मध्यापर्यंत चालत येई, एखादे वाक्य बोले, मालेवार मान डोलावी. काय बोलणे झाले ते आम्हांला कधीच कळणार नाही. नायर ८६ वर धावबाद झाला, मालेवारने पुढे १५३ पर्यंत मजल मारली. पाहुण्याने जागा अडवली होती म्हणावे, तर समोर घरचा मुलगा खेळत होता. आणि तो एकटा असता तर त्या दुपारी काय झाले असते, याची कल्पना साठ वर्षांच्या अनुभवावरून आम्ही करू शकतो.

पण त्या सामन्यात आमच्या कोपऱ्यात जी शांतता पसरली ती नायरमुळे नव्हे. दुसऱ्या दिवशी केरळची सलामीची जोडी लवकर फुटली आणि पहिल्या पायऱ्यांवरच चाल ओळखू यावी असा डावखुरा फलंदाज मैदानात आला. आदित्य सरवटे.

ज्यांना हे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच जामठ्यावर सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात या डावखुऱ्या फिरकीपटूने अकरा बळी घेतले होते. चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच बाद केले, एकदा एका धावेवर, एकदा शून्यावर. दुसऱ्या डावात फलंदाजीही तोच लढला, ४९ धावा. विदर्भाने सामना ७८ धावांनी जिंकला आणि सलग दुसऱ्यांदा करंडक राखला. आमच्या वकील मित्राने त्या दिवसाच्या वृत्तपत्राचे पान चौकटीत घालून कार्यालयात लावले आहे. पक्षकार त्याविषयी विचारतात, तो सांगतो, तारखा पुढे जातात. तो सरवटे २०२४-२५ च्या हंगामासाठी केरळचा व्यावसायिक खेळाडू झाला. म्हणजे आमच्याच भाषेत सांगायचे तर पाहुणा. आणि आता तो पाहुणा म्हणून स्वतःच्या अंगणात उभा होता.

टाळ्या वाजवायच्या की नाही? ऐकायला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. करंडक पणाला लागला होता, पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरणार होती, आणि सरवटे एकेक चेंडू अडवीत आमच्या तोंडचे पाणी पळवत होता. त्याने ७९ धावा केल्या. त्याचे अर्धशतक झाले तेव्हा आमच्यातला वीज मंडळवाला, पाहुण्यांच्या आयुष्यभर विरोधात असलेला, उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्याला खाली बसायला सांगितले. तो म्हणाला, ‘आपला आहे.’ केरळची टोपी घातलेल्या माणसाविषयी, आपल्याच संघाच्या विरोधात धावा काढणाऱ्याविषयी, हे वाक्य. आमच्यातील भाषेचे दोन्ही शिक्षक त्या वाक्याचे व्याकरण आजवर लावत आहेत.

गोलंदाजी कोण करीत होते, हेही पाहायला हवे. हर्ष दुबे, तोही डावखुरा फिरकीपटू, तोही खालच्या क्रमांकावर उपयुक्त फलंदाजी करणारा, बावीस वर्षांचा. त्या हंगामात त्याने ६९ बळी घेतले आणि एका रणजी हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम मोडला. एका संघात एकाच घडणीच्या दोन खेळाडूंना कायमची जागा सहसा मिळत नाही. सरवटेने नेमका का निर्णय घेतला हे त्याचे त्याला माहीत. आम्ही तर्क करणार नाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला जे दिसते ते हे की त्याची जागा कोणा जाफरने किंवा नायरने घेतलेली नाही. ती भरली गेली आमच्याच अकादमीच्या वयाच्या, आमच्याच गावच्या मुलाने. तीन जागांच्या गणितात हा आकडा कुठेच बसत नाही. तरुणांना संधी द्या, असे आपण चाळीस वर्षे ओरडत आलो. संधी दिली की कोणीतरी उठावे लागते, आणि तो उठणारा प्रत्येक वेळी परका असेल असे गृहीत धरून आपण ओरडत होतो.

सामना अनिर्णित राहिला, विदर्भाने ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक जिंकला. दुसऱ्या डावात नायरने १३५ केल्या. सरवटेने चार बळी घेतले. कर्नाटकाचा माणूस आमच्यासाठी लढला, आमचा माणूस केरळसाठी, आणि दोघांनीही कामात कसूर केली नाही. एका अर्थी रणजी स्पर्धेला याहून चांगले प्रशस्तिपत्र नाही. पण ते प्रशस्तिपत्र वाचताना घसा दाटून येतो, त्याचे काय करायचे?

फुटबॉलवाल्यांनी याची एक तजवीज केली आहे. जागतिक फुटबॉल महासंघाचा २००१ पासूनचा नियम असा की करारबद्ध खेळाडू एका क्लबातून दुसऱ्यात विकला गेला, तर किमतीतील पाच टक्के रक्कम त्याला वयाच्या बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी घडवले, त्यांच्यात वाटायची. ब्राझीलमधल्या एखाद्या गल्लीतल्या क्लबाला त्यातून छप्पर घालता येते. पैशापेक्षा आम्हांला त्यातील नोंद महत्त्वाची वाटते. या माणसाला कोणी घडवले, याचा लेखी हिशेब ठेवावा लागतो. प्रत्येक स्थलांतराबरोबर त्याच्या बालपणाचा कागदही प्रवास करतो. आमच्या क्रिकेटमध्ये ना-हरकत प्रमाणपत्र एवढेच सांगते की जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. हरकत नाही, या दोन शब्दांत कृतज्ञता मावत नाही आणि दुःखही. खेळाडूंच्या जाण्यावर बंधने घालावीत असे आम्ही म्हणत नाही. बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी माणसाने खेळायला मिळेल तेथे जावे, चार पैसे जास्त मिळतील तेथेही जावे. नायरला आम्ही दार उघडले, तर सरवटेला केरळने उघडले, यात गैर ते काय? आमची तक्रार विसरण्याविषयी आहे. गुरबानी, ज्याच्या हॅटट्रिकने विदर्भाला पहिला करंडक दिला, २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राकडून खेळू लागला. त्याच्या जाण्याची बातमी आम्हांला एका स्तंभाच्या तळाशी चार ओळींत सापडली. त्याच सुमारास कोणता पाहुणा येणार याच्या चर्चेला अर्धे पान होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नायरविना खेळणाऱ्या विदर्भाने जामठ्यावर शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक जिंकला. अथर्व तायडेच्या १४३, यश राठोडच्या ९१, हर्ष दुबेचे दुसऱ्या डावातील चार बळी. पाहुणा गेल्यावरचा हा पहिला पेपर, आणि मुलांनी तो चांगला सोडवला. वीज मंडळवाल्या मित्राने यावर काही भाष्य केले नाही. मात्र गेल्या वर्षापासून त्याने एक वही घातली आहे. विदर्भाच्या भूमीतून उठून दुसरीकडे खेळायला गेलेल्या प्रत्येकाचे नाव, वर्ष आणि नवा संघ, अशी तीन रकान्यांची. संघाच्या स्मरणिकेत तिच्यासाठी एक पान मिळावे असा त्याचा आग्रह आहे. नाही मिळाले तर तो स्वखर्चाने छापून जामठ्याच्या फाटकाशी वाटणार आहे. पहिली ओळ सी. के. नायडू, १९२३, इंदूर. शेवटची, तूर्त, अमरावतीचा जितेश शर्मा, २०२५, बडोदे. मधल्या ओळी भरण्याचे काम चालू आहे, आणि फैज फजलचे नाव लिहावे की नाही यावर मतभेद आहेत, कारण तो परत आला होता.